जूनपर्यंतचं माणूस

५ मार्च, बुधवार

फंगकडे, माझ्या तुकडीतल्या पंधरा वर्षांच्या सिमच्या घरी, जाऊन आले. पाच जिने, लिफ्ट नाही. गुडघे आता तिसऱ्या मजल्यावरच कुरकुरायला लागतात.

सिम काल आमच्या मुलांच्या केंद्रात सहज बोलल्यासारखं बोलली — "ताई, जूननंतर शाळा नाही. मामाच्या दुकानात जाणार." आणि लगेच लहान मुलांच्या पेन्सिलींना टोक करत बसली. मला रात्रभर झोप नाही.

तिचे बाबा इमारतींना बांबूच्या परांच्या बांधायचे. नववर्षाच्या आधी तिथूनच पडले. आता कमरेला पट्टा लावून खालच्या बंकवर पडून असतात. आई हॉटेलात भांडी घासते. खोली केवढी, तर मी आत गेल्यावर धाकट्या बहिणीला, मेइला, वरच्या बंकवर चढावं लागलं.

"बसा बाई. जागा सापडली तर बसा," बाबा म्हणाले.

मी सगळं सांगितलं. मुलगी हुशार आहे, अजून तीन वर्षं शिकली तर बालवाडीची शिक्षिका होईल, तिला तेच व्हायचंय. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचा हा कार्यक्रम कुठवर?"

"जूनपर्यंत."

"म्हणजे पुढच्या तीन वर्षांचं बोलायला जूनपर्यंतचं माणूस आलंय."

सिमची आई कामावर जायला निघाली होती. दारातूनच म्हणाली, "अहो, असं काय बोलता." पण ते खोटं आहे, असं काही ती म्हणाली नाही.

६ मार्च

काहीच केलं नाही. आजवर केलं ते सगळं फुकट वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार

चेउंगबाईंना सांगून टाकलं, या तुकडीबरोबर मीही काम सोडते. केंद्र त्या चालवतात. म्हणाल्या, "मोक, तू थकलीयस. सुटी घे."

सुटीनं जाणारा थकवा नाही हा. तीन वर्षं एका मुलाच्या मागे धावायचं, त्याची शाळा, त्याचे दात, त्याच्या आईची समजूत, सगळं. जरा कुठे पोर ताठ उभं राहिलं की टाळ्या, केक, फोटो — आणि पुढचं पोर. मागचं कुठे गेलं ते आपण विचारत नाही. विचारायचं धाडस होत नाही.

सिम आली तेव्हा बाराची होती. नुकतीच गावाकडून हाँगकाँगला आलेली. शाळेत तिच्या बोलीला मुलं हसायची, म्हणून तिनं बोलणंच टाकलं होतं. आमच्याकडे टेबलाखाली बसायची. मीही तिच्याबरोबर खाली बसायचे. एक दिवस तिथूनच आवाज आला, "ताई, तुमच्या मोज्याला भोक आहे." ते तिचं पहिलं वाक्य.

आता माझी पाठ वळली की माझी नक्कल करते. मान वाकडी, चष्मा नाकाच्या टोकावर. हुबेहूब.

४ एप्रिल

छिंग मिंग, पितरांचा दिवस. आईच्या थडग्यावर गेले. गवत उपटलं, संत्री ठेवली. दमले, एवढंच सांगितलं तिला. असती तर म्हणाली असती, मग झोप की.

२३ एप्रिल, बुधवार

युएन लाँगला सिमच्या मामाकडे गेले. मनात भांडणाची सगळी तयारी होती. माणूस भला निघाला, तिथेच पंचाईत झाली. नूडल्सचा वाडगा समोर ठेवला, वर दोन माशाचे गोळे जास्त घातले.

"बाई, भाची आहे ती माझी. मी तिला राबवणार नाही. पण भावजी उभे राहत नाहीत तोवर त्या घरात चूल कशी पेटायची, सांगा. मी नुसते हातावर पैसे ठेवले तर ते घेत नाहीत. पोरीनं कमावलेले घेतील."

वाडगा संपवला. येताना बसमध्ये डोळा लागला, दोन थांबे पुढे गेले.

९ मे, शुक्रवार

शाळेत बोलले, आणखी दोन संस्थांत बोलले. एकीकडे मदत आहे, पण आजारी माणसासाठी, मुलीच्या शिक्षणासाठी नाही. दुसरीकडे मुलीसाठी आहे, पण घरात आजारी माणूस असलं तर म्हणे आधी तिकडे जा. दोघंही फार नम्रपणे बोलले.

सिमला सांगितलं, अजून प्रयत्न करते. ती टेबल पुसत होती. फडकं थांबलं.

"ताई, आता पुरे. मला कोणी ओढून नेत नाहीये. मीच जातेय."

"का पण?"

"बाबा रात्री कण्हतात. आम्ही झोपलोय असं समजून कण्हतात. मी वर पडून ऐकते. असं ऐकत ऐकत अभ्यास होत नाही."

मी काही बोलायला गेले, तर म्हणाली, "तुझ्यासाठी एवढं केलं, असं म्हणू नका हं. म्हणालात तर मी रडेन, आणि बाहेर पोरं आहेत."

तसं म्हटलं नाही. ओठांवर आलं होतं.

३१ मे

ड्रॅगन बोटीचा सण. सिमच्या आईनं केंद्रात झाँगझी, म्हणजे पानात बांधलेले भाताचे गोळे, पाठवले. स्वतः बांधलेले. हॉटेलात दिवसभर पाण्यात हात, आणि घरी येऊन ही पानं दुमडत बसली! एक खाल्ला. बाकीचे खाववेनात.

२० जून, शुक्रवार

समारोप. केक, फुगे, पाहुण्यांचं भाषण — "या मुलांचं भविष्य आता त्यांच्या हाती आहे." टाळ्या. मीही वाजवल्या.

सिम आली नाही. फोटोत तिची जागा भरून काढायला सगळे जरा सरकले.

लहान पोरं विचारत होती, सिमताई शनिवारी येणार ना? चेउंगबाईंनी त्यांना केक दिला.

२८ जून

दुसरं काम मिळतंय. वृद्धाश्रमात, स्वागतकक्षात. बसून. पायऱ्या नाहीत. तिथल्या माणसांना पुढे काय व्हायचंय, हे कोणी विचारत नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

७ जुलै, सोमवार

केंद्राच्या किल्ल्या परत द्यायला गेले. दारात सिम उभी. केसांना रश्श्याचा वास, बोटाला चिकटपट्टी. मामाचं दुकान सोमवारी बंद असतं. हाताला धाकटी मेइ.

"ताई, हिला घ्या."

"अगं, कार्यक्रम दहाच्या पुढच्या मुलांसाठी. ही चारची."

"मी कार्यक्रमाला विचारत नाहीये. मला तुम्ही भेटलात तेव्हा मी बाराची होते. उशीर झाला होता."

"आणि तू?"

"मी सोमवारी येईन. पुस्तकं टाकलेली नाहीत. पण आधी हिचं."

मेइ बाराची होईल तेव्हा मी पंचावन्नची. शिकून उभी राहील तेव्हा साठी ओलांडलेली असेल. हे सगळं दारात उभ्या उभ्या मनात आलं, आणि गुडघे दुखतच होते.

मेइला म्हटलं, "बूट काढ, ये आत."

किल्ल्या माझ्याकडेच आहेत.