न साकळणारं रक्त

१ एप्रिल
आले एकदाची! समुद्राकाठचं गाव, छोटंसं इस्पितळ आणि खिडकीतून चक्क जहाजं दिसणारी लॅब. बर्फाचे ढीग अजून कडेला आहेत, पण ऊन छान पडलं होतं. लॅबच्या प्रमुख त्सुकुदाबाई जिभेने तिखट. मी बाहेरचे बूट दारात कसेही सोडून सपाता घातल्या, तर म्हणाल्या, इसोबे, टोकियोत बूट लावायला कोणी शिकवत नाही वाटतं. मला हसूच आलं.

इथली एक रीत आहे. नव्या माणसाने आल्याआल्या आपलं रक्त द्यायचं. रक्ताच्या साकळण्यात ढवळाढवळ करणारी फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिद्रव्यं शोधताना निरोगी प्लाझ्मा लागतो. तो इथे आम्हा कर्मचाऱ्यांच्याच रक्तातून काढून, एकत्र करून फ्रीझरमध्ये ठेवतात. बाईंनी विचारलं, काही आजार, औषधं, दिवस गेलेत वगैरे? मी नाही म्हटलं. चौथा महिना लागलाय, पण पाचव्यात श्वानदिनी, म्हणजे पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी, सुखरूप बाळंतपणासाठी पोटाला पट्टा बांधेपर्यंत कोणी बोलतं का? गेल्या वर्षी मी आधीच बोलले आणि आठवड्याभरात सगळं संपलं. हे मूल मला हवंय. या वेळी तोंड बंद.

९ एप्रिल
काम अंगवळणी पडतंय. पेशंटचं रक्त नळीत वेळेवर साकळलं नाही, तर त्यात निम्मा निरोगी प्लाझ्मा मिसळायचा. तरीही अडून बसलं, तर बहुधा प्रतिद्रव्यांचंच काम. गंमत म्हणजे नळीत न साकळणारं हेच रक्त अंगात भलत्या जागी साकळतं. पायात, फुप्फुसात, बाळाच्या वारेत.

निघताना पाहिलं तर माझे बूट दाराकडे तोंड करून नीट लावलेले, निघणाऱ्या पाहुण्यासाठी लावतात तसे. बाई तोंडाने बोलतात आणि हाताने लाड करतात.

१७ एप्रिल
आम्हा सगळ्यांच्या प्लाझ्माचं नवं मिश्रण आज वापरायला काढलं. एकही नळी वेळेत साकळली नाही. नुसतं मिश्रण लावून पाहिलं, तेही नाही. बाईंनी साकळण्याची वेळ मोजणारं यंत्र उघडलं, रसायनं बदलली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि एवढ्यातेवढ्याने डगमगणारी बाई नव्हे ती. बुटांबद्दल आभार मानले, तर म्हणाल्या, त्यांनी कधी हातही लावला नाही.

२३ एप्रिल
बूट रोज उंबऱ्याकडे थोडे सरकतात. आज उंबऱ्याबाहेर होते, ओल्या बर्फात. कोणीतरी मला इथून हाकलतंय. भीती वाटते. डावी पोटरीही ठणकतेय. उभं राहून असेल.

२६ एप्रिल
शेवटी बाईंना विचारलंच. माझ्या जागेवर मिनेगिशी नावाची मुलगी होती. सगळ्यांचे बूट तीच दाराकडे वळवून ठेवायची. हिवाळ्यात याच यंत्रापाशी कोसळली. फुप्फुसात रक्ताची गाठ. चौथा महिना होता, कोणाला सांगितलं नव्हतं.

"तिच्या वेळीही मिश्रण साकळत नव्हतं गं," बाई म्हणाल्या. "मी मेली यंत्राला दोष देत बसले."

मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "तुला काही सांगायचंय का, पोरी?"

मी नाही म्हटलं. का म्हटलं? श्वानदिन पुढच्याच आठवड्यात आहे. तेवढाच धीर धरायचा.

२९ एप्रिल
सुट्टी. ड्युटीवर मी एकटी. पाय सुजलाय, सकाळी बूट कसाबसा चढवला. स्वतःचं रक्त यंत्राला लावलं. थांबले. नाही साकळलं. मिश्रणातली प्रतिद्रव्यं माझीच —
मिनेगिशी हाकलत नव्हती. जा म्हणत होती. डॉक्टरकडे जा. आणि मी इथेच —

तोच दिवस, दुपार
बाईंना फोन केला. सगळं सांगितलं, बाळाचंही. रागावल्या नाहीत. "हलू नकोस, वरून डॉक्टर पाठवते, मीही निघाले," म्हणाल्या. रडत होत्या.

इथून दार दिसतं. माझे बूट — तोंडं आत वळलीत. आज कोणी आलेलं नाही. शेजारी आणखी एक जोड, पांढरा, ओला. तोही आतच. मिनेगिशीचाच. म्हणजे आता जायची घाई उरली नाही —

श्वास पुरत नाही. जिन्यात पावलं वाजतायत. डॉक्टरांचीच असू देत. बाळ तरी —

यंत्र अजून मोजतंय. नळीतलं रक्त साकळलेलं नाही. छातीत मात्र —