आईने पाहिलेला निळा झगा

लॉस एंजेलिस, मार्च १९४५

प्रिय ओझेला,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चांगली खरडपट्टीच होती! ‘अख्ख्या गावाला कळवलंस, मी पिक्चरमध्ये गाते म्हणून. आई दुखऱ्या गुडघ्यांनी तो बाहेरचा जिना चढून आपल्या काळ्या लोकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या बाल्कनीत बसली, आणि तू कुठेच नाहीस! खोटं तरी नीट बोलावं गं माणसानं.’ वाचून असा राग आला की दिवसभर जेवण गेलं नाही. ओझे, मी खोटं बोलले नाही. मी खरंच गायले होते.

इथे स्टुडिओत मला नेहमी एकटीलाच उभं करतात. खांबाला टेकून गायचं आणि गाणं संपलं की निघून जायचं. नायिकेशी एक शब्द बोलायचा नाही. का, तर आपल्या अलाबामासारख्या ठिकाणी गाणं कात्रीने अलगद काढता यावं आणि गोष्टीला कुठे भोक पडू नये म्हणून. तिकडच्या थिएटरवाल्यांना पडद्यावर काळी मोलकरीण चालते, नटूनथटून उभी राहिलेली काळी बाई चालत नाही. एकदा मी दिग्दर्शकाला म्हटलं, जाताजाता नायिकेच्या हातात निदान फुलं तरी देऊ द्या. तो हसून म्हणाला, ‘तू आपली गा, बाई. फुलं द्यायला लागलीस तर तिकडे कापायचं कुठे?’ किती सहज म्हणाला! जिथे कात्री लागली नाही त्या शिकागोच्या लोकांनी मला पाहिलं आणि माझ्या आईने नाही, हे माझ्या फार जिव्हारी लागलंय.

तुझ्या पत्रातला एक भाग मात्र मी पुन्हा पुन्हा वाचते. पहिला खेळ संपला तरी आई उठलीच नाही म्हणे. आपलाच डोळा लागला असेल, असं समजून दुसऱ्या खेळालाही तशीच बसली. आणि रविवारी चर्चमधल्या बायकांनी विचारलं, तर छातीठोकपणे सांगून मोकळी झाली, ‘पाहिली की! निळा झगा होता, बाहीवर कशिदा. काय गायली माझी पोर, तुम्हाला काय सांगू!’ आपण खोटं बोललो की साबणाने तोंड धुणारी आपली आई, आणि तीही चर्चच्या दारात! मला आधी हसू फुटलं, मग रडू आवरेना.

तर बातमी ही की मी स्टुडिओ सोडला. शिव्या नंतर दे, आधी ऐक. थॅडियस ब्रॉयल्स म्हणून आपल्यातलेच एक गृहस्थ आहेत. ते आपल्या माणसांना घेऊन आपल्या माणसांसाठी पिक्चर काढतात. कॅमेरा एकच, आणि दिवाणखाना माझ्या घरमालकिणीचा. मी त्यात शाळामास्तरीण झालेय. भांडते, जेवते, लग्न करते आणि नवऱ्याला मूठमातीही देते. प्रत्येक प्रसंगात मी आहे. ब्रॉयल्स म्हणतात, ‘आता घेऊ दे कुणाला कात्री! तुला काढलं तर दाखवायला नुसत्या भिंती उरतील.’

रिळं गाडीत घालून ते स्वतःच गावोगाव फिरतात. ईस्टरनंतरच्या शनिवारी दुपारी आपल्या चर्चच्या हॉलमध्ये खेळ आहे. गाडीत त्यांच्या शेजारी मी असेन, पण हे आईला आत्ताच सांगू नकोस. तिला तिची ती चांगली टोपी घालून आण आणि पुढच्या रांगेत मधोमध बसव. तिथे एकही पायरी चढायची नाही. लग्नाच्या प्रसंगात मी निळा झगा घातलाय आणि बाहीवर कशिदा स्वतः काढलाय. ब्रॉयल्स कुरकुरले, ‘काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये तो राखाडीच दिसणार, कशाला एवढा खटाटोप?’ दिसेना का. आई ओळखेल. तेवढं त्या चर्चमधल्या बायकांना तिच्या अगदी शेजारी बसव.

तुझीच खोटारडी बहीण,
व्हर्डेल