माझी नोंद कोणत्या घरात

रविवार, ता. १२ फेब्रुवारी १९६१. सकाळी ७ वाजून २० मिनिटे.
सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, ओसरीवर टाकाची निब पुसत बसलो आहे. आजपासून या गावची शिरगणती माझ्याकडे. आठवीतून शाळा सोडलेली, पण अक्षर वळणदार आणि शुद्ध, म्हणून सुपरवायझर गुरुजींनी नेमले. काम तात्पुरते. मुक्काम बायकोच्या माहेरी. नेरहून इकडे मारेगावच्या बाजूला यायचे म्हणजे दोनदा मोटार बदला — आई याला परदेशच म्हणते.

खरे कारण फक्त इथे लिहितो. कौतिका दिवाळीला माहेरी आली ती परतली नाही. काम संपले की तिला घेऊन जायचे! पण मामाजींना मुलगा नाही. त्यांना मीच इथे राहायला हवा आहे. तोंडाने म्हणत नाहीत. काल माझ्यासाठी नवी बाज विणून घेतली. धडकी भरली.

मंगळवार, ता. १४
सतरा घरे झाली. बैल मोजायचे नाहीत, हे पटवण्यात दुपार गेली.

गुरुवार, ता. १६
आज आपलेच घर. माणसे चार — मामाजी, सासूबाई म्हणजे आत्याबाई, कौतिका, तिची धाकटी बहीण. गणतीच्या पुस्तिकेत आहे: माणशी एक चिठ्ठी, मनाने काही भरू नये, विचारून भरावे. म्हणून बायकोला विचारले, नवऱ्याचे नाव?

ती नाव कशी घेणार! पदर तोंडाला लावून तिने उकिरड्याकडे बोट केले. (मी उकंडा. आधीची दोन भावंडे गेली, म्हणून मला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून उचलले.) म्हटले, बोट चिठ्ठीत लिहिता येत नाही. आत्याबाईंना विचारले, त्या ‘जवाई’ म्हणाल्या. शेवटी मामाजी वैतागले. “तुम्हीच त हा ना थो, लिहून टाका!” मी म्हटले, मला माहीत आहे, पण अजून कोणी सांगितलेले नाही.

मग प्रश्न माझाच. मी राहणारा की पाहुणा? मामाजी म्हणाले, बाज का पाहुन्यासाठी इनली का? कौतिका तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, “मले न्यायले आले, का मोजायले?”

माझी चिठ्ठी कोरी ठेवली आहे.

सोमवार, ता. २०
आईचे पत्र. नेरच्या घरी आता ती एकटीच. तिथली गणती झाली. तिने मला आणि कौतिकेला घरातच आहेत म्हणून लिहून दिले — दोघे जेवून निजले, उठवू नका, असे सांगितले म्हणे! सकाळी दहा वाजता!

एक माणूस दोन घरांत! गुरुजींकडे धावलो. ते म्हणाले, एक मार्चचा सूर्य उगवताना जो जिथे, तो तिथला. बाकीचे खोडता येते. घरी येऊन सगळ्यांना हा नियम दोनदा वाचून दाखवला.

शनिवार, ता. २५
कौतिकेला सरळ विचारले. तिचा राग आईवर नाहीच. माझ्यावर आहे! दिवाळीआधी दोघींचे भांडण चालू असताना मी दोघींची वाक्ये वहीत उतरवून घेत होतो. न्याय करता यावा म्हणून. शेवटी वाचून दाखवले आणि म्हटले, दोघींचेही बरोबर आहे. तेवढेच तिला लागले.
“एकडाव त माह्या बाजूनं चुकीचं लिहाचं होतं,” म्हणाली.
जेवण गेले नाही.

मंगळवार, ता. २८. सायंकाळी ५.
ठरले. शाईने लिहिले — उकंडा, कुटुंबप्रमुखाशी नाते जावई, राहणार इथलाच. आईला काय सांगू? पण बायकोची बाजू घेतली, आयुष्यात पहिल्यांदा! कौतिकेला आत्ता सांगणार नाही. उद्या सूर्य उगवला की चिठ्ठीच दाखवीन. आज रात्रभर गुरुजींबरोबर पालात राहणाऱ्यांची गणती आहे. निघतो.

बुधवार, ता. १ मार्च. सकाळी ६ वाजून ५५ मिनिटे.
परत आलो. चिठ्ठी हातात. कौतिका घरात नाही. मामाजी बाजेवर बसले होते. म्हणाले, “थे त गेली न नेरले, कालच्या सांजच्या मोटारीनं, काकासंगं. म्हने, सूर्य उगाच्या आंधी सासरी पोचलं पाह्यजे, नाही त माह्या मानसाची गनती चुकते.”

मामाजींचे घर: कौतिका वजा, मी अधिक. एकूण चार.
नेरचे घर: मी वजा, कौतिका अधिक. एकूण दोन.
दोन्ही बेरजा बरोबर.