नेहमीची गोळी

१२ जानेवारी १९४६. इस्लामपूर.

आधी घडले ते क्रमाने.

१. दौलू. पस्तिशीचा, पूर्वी तालमीतला. मारामारीच्या खटल्यात शिक्षा भोगून काल सुटून घरी.
२. आत जाण्यापूर्वी खांद्याच्या दुखण्यावर रोज अफू. तुरुंगात मिळाली नाही.
३. उरलेला गोळा बायकोने, हौसाने, चिंधीत बांधून जपला होता. आज न्याहरीनंतर नेहमीएवढी गोळी मोडून दिली.
४. दुपारी गाढ झोप, घोरणे. कुणी उठवले नाही.
५. हौसा पळत दवाखान्यात. डॉ. सांगलीला गेलेले. नर्स म्हणून मी एकटीच.

बाकी उद्या. दंड भरून आले आहेत, लेखणी धरवत नाही.

१३ जाने.

काल दारात हौसाची सासू आडवी. "निजू द्या वं बाई त्याला. आत ढेकणांनी डोळ्याला डोळा लागू दिला न्हाई."

हौसा ओरडली, "आवं आत्याबाई, ओठ बगा की ह्येंचं! जांभळं पडल्यात."

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. एक श्वास. मग इतका वेळ काहीच नाही की वाटले, संपले. पाठीखाली घोंगडे सारले. श्वास चालवायला त्याचे हात डोक्यामागे न्यायचे, परत छातीवर आणून दाबायचे. शिकताना हे आम्ही एकमेकींवर केले होते, खिदळत. एक हात मी धरला, एक हौसाने. ती माझ्याकडे बघून ताल धरत होती, रडत नव्हती.

ऊन अंगणातून भिंतीवर चढले. मग एकदा, आम्ही हात वर नेण्याआधीच, छाती आपली आपण उचलली गेली. मी हात सोडले. पुन्हा उचलली गेली.

संध्याकाळी डॉ. आले. पोट धुतले, सुई दिली, मला म्हणाले, "ठीक." मीही मान हलवली. खोलीवर येऊन दार लावले आणि बराच वेळ स्वतःचाच श्वास ऐकत बसले.

१४ जाने.

उरलेला गोळा पाहिला. भेसळ नाही. गोळीही तीच, जी खाऊन हा माणूस पूर्वी दिवसभर उसाला पाणी पाजायचा. सवय मोडली की जुनी मात्रा झेपत नाही, ही ओळ परीक्षेसाठी पाठ केली होती. पाठच केली होती. एवढे मोठे शरीर, आणि आतल्या आत पुन्हा कोरे होऊन बसले. त्याला पत्ता नाही, तिलाही नाही.

हौसाला समजावून सांगितले. ती म्हणाली, "आमी तान्ह्याला मोहरीएवढी चाटवतो. म्हंजे ह्ये बी आता तान्हंच?"

होय म्हणाले. तान्ह्यालाही देऊ नको, हेही सांगितले.

खाटेवरून दौलू, "मिशीवालं तान्हं! पाळना बांध गं आता."

सासूसुद्धा हसली. हौसा नाही. "मीच दिली बाई. सनासारखी दिली."

१५ जाने.

दौलू उठून बसला. "आत पयलं लय हाल झालं. मग आठवन बी येईना." थोड्या वेळाने, "बाई, आतला आमचा गणू सुटतोय सोमवारी. माण तालुक्यातला, धनगर. त्याची गोळी माज्याहून दांडगी. आई जपून ठिवनार म्हनायचा."

गाव? आठवत नाही. दहिवडीच्या पलीकडे कुठेतरी.

डॉ.ना सांगितले, जेलरला पत्र धाडू. "तुरुंगाच्या कारभारात आपण कशाला पडायचे?" सही करणार नाहीत.

१६ जाने.

माझ्या नावाने धाडले. जोडकार्ड, म्हणजे उत्तराचे कार्ड त्यांच्या हातातच राहील. नक्कल:

"जेलर साहेबांस सा. न. गणू नावाचा कैदी सोमवारी, ता. २१ रोजी, सुटणार आहे. तो पूर्वी अफू खात असे. आता जुनी मात्रा घेतल्यास श्वास बंद पडून मरेल. येथे असा एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. सोडण्यापूर्वी त्याला हे स्पष्ट सांगावे. त्याच्या आईलाही कळवायचे आहे, तरी त्याच्या गावाचे नाव कळवावे. जोडलेल्या कार्डावर उत्तर शनिवार, ता. १९ पर्यंत मिळावे, ही विनंती."