मोठ्यांना बोलावतं कोण

हेग, ४ सप्टेंबर २०२५

ती. बापू यांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं हाय’ म्हणून लगेच याडीच्या हाती फोन देता, म्हणून हे पत्र. इथे ऊन पाहुण्यासारखं येतं आणि चहा न घेताच जातं.

युद्धात गावंच्या गावं जाळणाऱ्यांवर या कोर्टात खटले चालतात, आणि माझं काम साक्षीदारांना सांभाळायचं. पुढच्या साक्षीदाराचं नाव लिहायची परवानगी नाही. आपण तिला मावशी म्हणू. आफ्रिकेतली आहे. तिचे दोन्ही मुलगे तिच्या डोळ्यांदेखत मारले गेले. हुकूम देणारा सेनापती इथे कैदेत आहे. पण तिचं सरकार म्हणतं, हे कोर्ट गरीब देशांनाच धरतं, आम्ही यातून बाहेर पडतो. तिचा पासपोर्ट अडवलाय. ती आली नाही तर तो सुटेल, असं आमचे साहेब म्हणतात. मला जेवण जात नाही; हे याडीला सांगू नका, आईचा जीव आहे तिचा.

लोभ आहे तसाच ठेवा, थोडा वाढला तरी चालेल.

तुमची संगिता

तांडा, ता. वसमत, २८ सप्टेंबर

चि. संगितास बापूचे अनेक आशीर्वाद.

पत्र याडीनंच वाचून दाखवलं. तवा तू जेवत न्हाईस हे तिला बराबर कळलं.

मला इचारशील तर ते सरकार खोटं बोलून न्हाई राहिलं. मोठ्या देशांचे लोक तुमी काहून धरत न्हाई? आपला देश तरी कुठं हाय त्या कोर्टात? मी तावातावानं बोलून राहिलो, तर याडी म्हणाली, आपल्या तांड्यात मोठं कोण हाय ते आधी पाहा.

तिचा रोख मला कळला. तुझ्या भावानं, देविदासनं, जवळचा रस्ता म्हणून संतरामच्या उभ्या हळदीतून ट्रॅक्टर घातला. तांड्याचा नायक मी. नायकाच्या पोराची तक्रार नायकाकडं कोण करील? दुसऱ्या दिवशी मीच देविदासला पंचांपुढं बसवलं, अन् नायकाच्या जागेवरून उठून बाजूला बसलो. मोडली तेवढी हळद त्यानं आपल्या वावरातून भरून द्यायची ठरली. त्यानं कबूल केलं, पण माझ्याशी बोलत न्हाई. ताट उचलून गोठ्यात जेवतो. बैल खूश हायेत.

त्या सरकारचं म्हणणं बराबर असलं तरी मावशीची पोरं गेलीच ना? तिला आणा.

सुखी राहा, पोटभर जेव, अन् आमाला इसरू नको.

बाबूसिंग

हेग, २५ ऑक्टोबर

ती. बापू यांना सा. न. वि. वि.

मावशी आली! बसनं शेजारच्या देशात गेली, तिथल्या सरकारनं कागद करून दिले. दादाचाही काल फोन आला होता. बापू अजून रागावलेत का, म्हणून विचारत होता. आता तुम्हीच आधी बोला त्याच्याशी.

साक्ष देताना मावशीनं सेनापतीकडे एकदाही पाहिलं नाही. मुलांची नावं मात्र मोठ्यानं घेतली. शेवटी न्यायाधीशांनी आभार मानले, तेव्हा तिनं विचारलं, याला बंदुका विकणाऱ्या देशाची माणसं इथे कधी येणार? न्यायाधीश समोरचे कागद आवरू लागले. तिला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून तिनं पुन्हा विचारलं.

बाहेर आल्यावर मी खाली मान घालून उभी होते. ती म्हणाली, उत्तर न्यायला मी आलेच नव्हते, माझ्या पोरांची नावं सांगायला आले होते. आता मला समुद्र दाखव. निकालाला अजून वर्ष लागेल. आम्ही वाळूत बसून तळलेले मासे खाल्ले, आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतले, हे याडीला मुद्दाम सांगा.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची संगिता