पाचवी पायरी

ता. ९, सोमवार, दुपार

चि. बारक्यास आईचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे जेवतात, झोपतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. तुझंही तसंच चाललं असेल असं धरून चालते. अक्षर तुझ्या बायकोचं, बोलणं माझं. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. स्वतःचं एक अक्षर त्यात घालणार नाही, असं तिने बसतानाच बजावलंय.

पत्र अशासाठी, की फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि ठेवून देतोस. कागदाला 'हं' करून ठेवता येत नाही.

तर तुझ्या लेकीची बातमी. भिंगरीने पुढच्या वर्षी पहिलीत जायचं. पण शाळेतून बाईंचा निरोप आला की मुलीला मोजता येत नाही. मला रागच आला. अक्षरांशी माझी ओळख नाही, पण मोजण्यात मला आजवर कुणी गंडवलेलं नाही, आणि तिला मोजायला मीच शिकवलंय. बाई म्हणे, तिला मणी दिले की ती एक, दोन, तीन, चार, सहा असं मोजते. हाताची बोटं मोजायला सांगितली तर सहा भरतात.

"आणि दुसऱ्या हाताची?" मी तिला घरी विचारलं.

"त्याचीही सहाच. आजी, दोन्ही हात सारखेच असतात ना!"

हुशार आहे, तुझ्यावर गेलेली नाही. पण वर्गातली पोरं तिला सहाबोटी म्हणतात. आणि बाईंनी सांगून ठेवलंय, हे सुधारलं नाही तर तिला आणखी वर्षभर बालवर्गातच ठेवावं लागेल. भिंगरीने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीची पेन्सिल तिला परत करून आली. का, तर म्हणे, "ती आता मोठ्या वर्गातली होणार."

मग घरात शाळा भरली. बाईंनी सांगितलं होतं, मोजणं म्हणजे गाणं म्हणणं नव्हे, एकेका वस्तूला हात लावायचा आणि एकेक आकडा द्यायचा. तुझ्या बायकोने बटणं काढली, वाटाण्याच्या शेंगा आणल्या, मोजे जोड्या लावायला दिले. जेवणाआधी चमचे मांडायचं काम भिंगरीकडे. त्यात ती कधी चुकत नाही. चार माणसं, चार चमचे. घरात चाराच्या पुढे मोजायची वेळच येत नाही.

(इथे लिहिणारी थांबली होती. आता पुन्हा लिहितेय.)

बटणांवर पाच येई, सकाळी पुन्हा गायब. शेवटी बाई स्वतः घरी आल्या. खाली कामाच्या खोलीत यांना नमस्कार केला आणि भिंगरीच्या मागून जिना चढू लागल्या. भिंगरी नेहमीसारखी मोठ्याने मोजत होती. एक, दोन, तीन, चार, मग लांब टांग, आणि सहा. बाई जिन्यातच थांबल्या.

"पुन्हा चढ बघू," म्हणाल्या.

पुन्हा चार, टांग, सहा.

"अगं, पाच कुठे गेला?"

"तो तुटलाय," भिंगरी म्हणाली. "त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. आजोबा नीट करणार आहेत."

बाई हसल्या नाहीत. मी पोट धरून हसले. जिना चढता चढता तिला शिकवताना पाच मी मनातल्या मनात म्हणत होते रे, त्या उडीला माझा श्वास अडकतो. पोरीने उडी तेवढी उचलली. बाई म्हणाल्या, "वर्गातही ती चारानंतर जागच्या जागी उडते. मला वाटायचं, चुळबुळ करते. डोकं शाबूत आहे हो, चुकीचं पायांना पाठ झालंय. पायरी बसवून घ्या आणि रोज त्यावरून चढू-उतरू द्या. पुढच्या महिन्याच्या शेवटी मी पुन्हा तिला मोजायला बसवते."

मागे तूही तिला फोनवर मोजायला लावलं होतंस. तिने पाच गाळला, तू हसलास आणि शाबासकी दिलीस. फोनवरून पाय दिसत नाहीत.

पायरी इतके दिवस तशी का, ते तुला ठाऊक आहे. ती यांनी बसवलेली, तडकली. तू गिऱ्हाईकासमोर यांच्या हातांबद्दल बोललास. हे म्हणाले, हत्यारं उचल आणि चालू लाग. तू खरोखरच उचललीस. तेव्हापासून त्या पायरीला कुणी हात लावायचा नाही असा यांचा हुकूम आहे. सूनबाई एकदा म्हणाली, बाहेरून सुतार बोलावू. मी म्हटलं, या घराने दोन सुतार पोसले, आता तिसऱ्याला आणून शेजाऱ्यांची करमणूक नको.

बाई गेल्या आणि दुसऱ्या दिवशी यांनी स्वतःच करवत काढली. पहिली फळी आखूड निघाली. लाकूड वाईट होतं म्हणे. दुसरीही आखूड. भिंगरी शेजारी बसली होती. तिने ती पायरीवर ठेवून पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, फळी संपली, पायरी उरली."

मला वाटलं, आता आभाळ कोसळतं. हे उठले. करवत खुंटीला लावताना खुंटी दोनदा चुकली. मी पाहिलं हे त्यांना माहीत नाही. माहीत होऊही देऊ नकोस. तू बोललास ते खोटं नव्हतं. कुणासमोर बोललास, तेवढंच काय ते.

संध्याकाळी आजोबा-नात सुतळी घेऊन जिन्यात बसले. पायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी धरली, भिंगरीने वितीने मापली आणि प्रत्येक वितीला गाठ मारली. हे विचारत होते, ती सांगत होती. चारानंतर मी कान टवकारले. "पाच," म्हणाली, "आणि वर एक बोट." उडी नाही, काही नाही. सुतळी कुठे तुटलेली नव्हती ना. यांनी तिच्याकडून पुन्हा मापून घेतलं, पुन्हा पाच. मग सुतळी कापून माझ्या हातात दिली.

"पत्र लिहिताय म्हणे. हे घाला त्यात."

कुणाला पत्र ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सुतळी सोबत आहे. एक गाठ सैल आहे, सांभाळून काढ. फळी तू तिकडे कापून पाठवू शकतोस, टपालाने येईल. खिळे मारणारा टपालाने येत नाही, एवढी एक अडचण आहे.

सूनबाई आत्ता विचारतेय, "आई, 'या' असं लिहू का?" मी म्हटलं, माझ्या पत्रात मी कुणाला बोलवत नाही. तुला काय लिहायचं ते मागच्या बाजूला लिही, मला कुठे वाचता येतंय. तिने कागद उलटा केला होता. बराच वेळ उलटाच होता.

बाकी क्षेम.

तुझी आई,
जी या वयात रोज चारावरून सहावर उडी मारते.