मोळ्या कोणी बांधल्या?

परळी वैजनाथ
१२ जानेवारी

प्रिय आई,

अण्णांनी तुझी वही आणून दिली त्याला आज अकरा दिवस झाले. वहीवर तू चिठ्ठी टाचली होतीस, 'तपासून दे. लाल पेन चालंल.' येत्या रविवारी बीडच्या अभ्यासकेंद्रात सगळ्या विद्यार्थ्यांसमोर तुला हा निबंध वाचायचा आहे, आणि मी पाहिल्याशिवाय तू तो वाचणार नाहीस, हे तू केंद्रावरच्या शहादेव सरांनाही सांगून टाकलंस. फोनवर तू रोज विचारतेस आणि मी 'वाचतेय' एवढंच म्हणते. काल वैतागून म्हणालीस, "नुसतं वाचतेय वाचतेय म्हणतीस, मीटर वाचून सांगितल्यासारखं. काय वाटलं ते लिहून पाठव. मला वाचता येतंय आता." म्हणून लिहिते आहे. मला असं लिहायची सवय नाही. जमेल तेवढं नेमकं लिहीन.

मुक्त विद्यापीठाचा तुझा अर्ज मीच भरला होता. विषयाच्या रकान्यात मला समाजशास्त्र लिहायचं होतं, कारण त्यात गुण मिळतात असं ऐकलं होतं. तू मराठीच धरून बसलीस. कारण विचारलं तर म्हणालीस, "गोष्टी वाचायच्या अन् त्याला अभ्यास म्हणायचं. असं काम मला जन्मात कुणी दिलं न्हाई." तुला आठवीनंतर शाळा नव्हती, वय शेहेचाळीस होतं. तू एक वर्ष टिकशील असा माझा अंदाज होता. तो चुकला, याची नोंद आधी करते.

पहिला स्वाध्याय ऊसतोडीवरच्या कथेचा होता. कथेतला गडी पहाटे फडात शिरतो, दिवसभर कोयता चालवतो, दुपारी एकटाच भाकरी खातो, आणि दिवस मावळताना भरलेल्या ट्रककडे बघत आपल्या आयुष्याचा विचार करतो. 'या कथेचे रसग्रहण करा' असा प्रश्न होता. तू दीड पान लिहिलंस. शेवटचं वाक्य मला पाठ आहे. 'हा गडी दिवसभर एकटाच ऊस तोडतो आणि संध्याकाळी ट्रक मोळ्यांनी भरलेला असतो, मग मोळ्या कोणी बांधल्या?' मी त्या वाक्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'प्रश्नाबाहेरचे'. मग तुला समोर बसवून कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण, भाषाशैली अशी शीर्षकं घालून तीन पानं उत्तर सांगितलं. तू ते उतरवून घेतलंस. मधे एकदाच म्हणालीस, "पोरी, हे वाचून गोष्ट कुणी वाचली ते कळत न्हाई." मी म्हटलं, कळायची गरज नसते.

त्या उत्तराला किती पडले, हे विचारलं तेव्हा तू 'पास झाले' म्हणालीस. आकडा मला या अकरा दिवसांत कळला, कारण ती जुनी उत्तरपत्रिका तू वहीच्या मागच्या कव्हरात ठेवली आहेस. वीसपैकी सहा. खाली शहादेव सरांचा शेरा, 'उत्तर नीटनेटके आहे, पण वाचणारे माणूस दिसत नाही.' ते सहा माझे आहेत, आई. आयुष्यात मला इतके कमी कधी पडले नव्हते. तू मला दीड वर्ष कळू दिलं नाहीस.

पुढचं तू तुझं शिकलीस. दर रविवारी नेकनूरहून पहिली एसटी, पिशवीत वही आणि भाकरी. सरांनी वर्गाला एकच नियम घातला होता म्हणे, की पानावर काय आहे ते आधी सांगायचं, 'सुंदर' हा शब्द नंतर, आणि जमलं तर नाहीच. हिरव्या शिवाराची ती बारा ओळींची कविता सगळ्या वर्गाला गोड वाटली. तू विचारलंस, हे बोलणारा माणूस उभा कुठं आहे? मग स्वतःच सांगितलंस, "बांधावर हाय. वावरात असता तर त्याला सगळं हिरवं एकदम दिसलं नसतं, पायाखालची माती दिसली असती." नाटकाच्या वेळी तर तू मोजणी केलीस. पहिल्या अंकात म्हातारीला दोनच वाक्यं आहेत, पण कंसातल्या सूचनांप्रमाणे ती चार वेळा पाणी घेऊन येते. 'जी पाणी देते तिला सगळं ऐकू येतं, म्हणून तिसऱ्या अंकात ती बोलते तेव्हा मला नवल वाटलं नाही,' असं तू लिहिलंस. हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग उठून चहा केला आणि पुन्हा वाचलं.

इथे वीजकेंद्रात माझं काम उपकरणांचं आहे. पडद्यावर शेकडो आकडे असतात. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी शिकवते की चुकीच्या आकड्याला घाबरू नकोस, तो दिसतो तरी. जिथे आकडा असायला हवा आणि नाही, तिथे आधी बघ. चार वर्षं मी हे लोकांना शिकवते आहे. तू ते तुझ्या पहिल्याच कथेत केलं होतंस आणि मी त्यावर लाल रेघ मारली.

आता हा नऊ पानांचा निबंध. तीच कथा तू पुन्हा घेतलीस. गड्याने तोडलेल्या उसाची मोळी कशी होते ते तू लिहिलंस. बाईने मागून येऊन ऊस गोळा करणं, उसाच्याच पानांना पीळ देऊन मोळी आवळणं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं. मग लिहिलंस, 'लेखकाला कोयता दिसला कारण तो चमकतो. दोघांशिवाय हे काम होत नाही. दुसऱ्या माणसाला गोष्टीत जागा दिली असती तर गड्याला इतकं एकटं वाटलं नसतं आणि गोष्ट मोडली असती, म्हणून लेखकाने तिला काढलं असेल.' लेखकाची अडचणसुद्धा तू समजून घेतलीस. एवढा मोकळेपणा माझ्यात नाही.

मी लाल पेन एकदाही उघडलं नाही. सात नंबरच्या पानावर मात्र पेन्सिलीने एक बारीक खूण आहे. ती का, हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. तुझं ते वाक्य प्रश्नाबाहेरचं म्हणून मी खोडलं नव्हतं. तपासणाऱ्याला कळेल, ही बाई स्वतः फडात होती, म्हणून खोडलं होतं. कॉलेजच्या अर्जात मी वडील शेती आणि आई गृहिणी असं लिहिलं होतं. दसऱ्यानंतर गावाला का जात नाहीस, असं मैत्रिणी विचारायच्या, तर अभ्यास आहे म्हणायची. गावात तेव्हा तुम्ही नसायचात, तोडीला गेलेले असायचात, हे कधी सांगितलं नाही. त्या लेखकाने जे केलं तेच मी केलं, आणि माझ्याकडे तर गोष्टीचीही सबब नव्हती. तुला हे माहीत होतं, असं आता वाटतं. कारण सातव्या पानावर तू लिहिलं आहेस, 'माझ्या ओळखीची एक बाई बावीस हंगाम मोळ्या बांधत होती.' हे असं आडून लिहिलंस ते माझ्यासाठीच ना? रविवारी मी येणार आहे, पहिल्या रांगेत बसेन. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना लहान असतो, तरी पूर्ण लिहिलं, 'आईने बावीस वर्षे ऊसतोड केली, आता ती साहित्याचा अभ्यास करते, तिचा निबंध ऐकायला जायचे आहे.' साहेबांनी वाचून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. तेव्हा पेन्सिलीची खूण केली आहे तिथे, त्या बाईचं नाव घाल. बाकी निबंधात काही चुकलेलं नाही.

तुझीच,
मोहिनी